प्लेस्टेशन की गेमिंग लॅपटॉप? अकोल्याच्या एका घरातलं प्रकरण, पहिल्यापासून आत्तापर्यंत

मी अकोल्यात कम्प्युटर-लॅपटॉप रिपेरिंगचं काम करतो. दरवर्षी जून ते सप्टेंबर बारावी झालेली मुलं आणि त्यांचे आईवडील येतात आणि प्रश्न साधारण एकच असतो, की मुलाला गेमिंगचा हट्ट आहे, कॉलेजलाही लॅपटॉप लागणार आहे, मग एकातच दोन्ही भागवावं का. हे त्यातलंच एक प्रकरण. हे सविस्तर लिहितोय कारण यात सगळ्यांनी नीट विचार करून ठरवलं होतं, तरी काही गोष्टी वापरायला लागल्यावरच कळल्या. घरच्यांना विचारून लिहितोय, नाव बदललंय. मुलाला ओंकार म्हणू.

पार्श्वभूमी

ओंकारचं घर अकोला जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. बाबा सहकारी पतसंस्थेत नोकरीला, आई घरी शिवणकाम करते, धाकटी बहीण आठवीत. बारावीच्या आधी बाबांनी शब्द दिला होता की चांगले मार्क पडले तर प्लेस्टेशन (सोनीचा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन) घेऊन देतो. जून २०२४ मध्ये सीईटीचा निकाल लागला, पर्सेंटाइल छान आलं, पुढे पुण्याकडच्या कॉलेजात मेकॅनिकलला नंबर लागला आणि होस्टेलही मिळालं. आता शब्द पाळायचा होता आणि त्याच महिन्यात फी, होस्टेलचं डिपॉझिट, मेस, गादी-बादली सगळंच अंगावर आलं.

लॅपटॉप आणि गेमिंग सगळं मिळून बजेट ८० हजार, फार ताणलं तर ९०. त्याच्या पलीकडे हप्ते पडणार होते आणि बाबांना हप्ते नको होते, पतसंस्थेत बसून रोज थकलेले हप्ते बघणाऱ्या माणसाला ते नकोच वाटणार.

ओंकार मोबाईलवर बीजीएमआय खेळायचा, मित्राच्या घरी प्लेस्टेशनवर फुटबॉल आणि स्पायडर-मॅन खेळला होता. त्याच्या डोक्यात प्लेस्टेशनच होतं. लॅपटॉपचा विषय काढला बाबांनी, कॉलेजच्या सीनियर मुलांनी सांगितलं होतं की दुसऱ्या सेमिस्टरपासून लॅपटॉप लागतोच.

अडचण नेमकी काय होती

बोलताना सगळे दोन किमती शेजारी ठेवत होते. प्लेस्टेशन ५ स्लिम तेव्हा डिस्कवाला ५४,९९० आणि डिजिटल, म्हणजे डिस्क न चालणारा, ४४,९९०, तर बरा गेमिंग लॅपटॉप ८० हजाराच्या पुढेमागे. असं बघितलं तर लॅपटॉप महागच दिसणार आणि नुसत्या गेमिंगसाठी तो आहेच महाग, हे मी सगळ्यात आधी स्पष्ट सांगितलं. प्लेस्टेशन ५ मध्ये जो ग्राफिक्सचा दम आहे तो लॅपटॉपात मिळवायला जवळपास दुप्पट पैसे जातात. शिवाय कन्सोल टिकतो. प्लेस्टेशन ४ आला २०१३ ला आणि २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये आलेला गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक त्याच्यावरही चालत होता, म्हणजे नऊ वर्षं. २०१३ चा गेमिंग लॅपटॉप २०२२ मध्ये नवा मोठा गेम चालवतोय असं मी माझ्या टेबलावर तरी बघितलेलं नाही.

पण इथे लॅपटॉप घ्यायचाच होता. मग तुलना बदलते. एका बाजूला साधा लॅपटॉप अधिक प्लेस्टेशन, दुसऱ्या बाजूला नुसता गेमिंग लॅपटॉप. वहीवर आकडे मांडले. साधा १६ जीबी रॅमचा बरा लॅपटॉप ४५ हजार, प्लेस्टेशन ५५, झाले १ लाख. घरचा टीव्ही ३२ इंची एचडी रेडी, जुना, त्याच्यावर प्लेस्टेशन ५ चालतो पण ज्या चित्रासाठी पैसे मोजले ते दिसतच नाही, म्हणजे आज ना उद्या ४३ इंची फोरके टीव्ही आला, त्याचे पंचवीस-तीस हजार. गेम वेगळे, सोनीचा नवा मोठा गेम तेव्हा ४,९९९ ला. फुटबॉल ऑनलाइन खेळायचं तर प्लेस्टेशन प्लसची वर्षाची वर्गणी वेगळी.

दुसऱ्या बाजूला गेमिंग लॅपटॉप ८० हजार, कंट्रोलर पाचेक हजार, जास्तीच्या स्टोरेजसाठी एसएसडी पाच-सहा हजार. नव्वदीच्या आसपास. यातले ४५ हजार साध्या लॅपटॉपला असेही जाणारच होते, म्हणजे गेमिंगसाठीचे पैसे खरे ४५ हजार. हे कागदावर आल्यावर बाबांचा चेहरा मोकळा झाला. ओंकारचा नाही झाला.

समोर कोणकोणते पर्याय होते

पहिला, ओंकारचा, प्लेस्टेशन आत्ता आणि लॅपटॉप दुसऱ्या वर्षी. याच्या बाजूने दोन चांगल्या गोष्टी होत्या. डिस्क विकता येते, मित्रात फिरवता येते, लॅपटॉपवर घेतलेला गेम अकाउंटला चिकटला तो चिकटला. आणि जीटीए ६, रॉकस्टार कंपनीचा सगळे वाट बघत असलेला गेम. त्याचा ट्रेलर डिसेंबर २०२३ ला आला तेव्हा फक्त प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स, सिरीज एस एवढीच नावं होती, पीसीचं नावच नाही. ओंकारने हा मुद्दा वकिलासारखा लावून धरला आणि तो बरोबरच होता.

दुसरा पर्याय आईचा, आणि मला विचाराल तर तोही तेवढाच गंभीर होता. आत्ता साधा लॅपटॉप घ्या, पहिलं वर्ष कसं जातंय बघा, मग दिवाळीत किंवा पुढच्या उन्हाळ्यात प्लेस्टेशन. "अभ्यासाचं नाव अन् गेमचं काम, असं नको व्हायला," एवढंच त्या म्हणाल्या. यात पैसेही एकदम जात नव्हते. पण एकूण खर्च लाखाच्या वर जात होता आणि मुलाला दिलेला शब्द वर्षभर पुढे ढकलला जात होता.

तिसरा एक्सबॉक्स सिरीज एस, मायक्रोसॉफ्टचा कन्सोल. स्वस्त, छोटा, गेम पासच्या वर्गणीत बरेच गेम मिळत असल्यामुळे गेमचा खर्च कमी. पण डिस्क ड्राइव्ह नाही, ५१२ जीबी स्टोरेज, आणि आमच्या भागात रिपेअरला कुठे न्यायचा याला उत्तर नाही. दहा मिनिटांत बाजूला पडला. असेंबल केलेला डेस्कटॉप होस्टेलमुळे बाद. स्टीम डेक, म्हणजे हातात धरून खेळायचा छोटा पीसी, तेव्हा भारतात अधिकृत विकतच नव्हते, बाहेरून आणलेल्या मशीनची वॉरंटी कोण बघणार.

शेवटचा गेमिंग लॅपटॉप.

निर्णय वळला तो एका साध्या प्रश्नावर. मी ओंकारला विचारलं, "वर्षातले किती महिने तू या घरात असणार?" होस्टेल, परीक्षा, सुट्ट्या असा हिशोब केला तर जेमतेम दोन-अडीच महिने. होस्टेलच्या नियमावलीत खोलीत टीव्ही चालत नाही असं लिहिलेलं होतं, ती नियमावली मी त्यांना आधी मागवून घ्यायला लावली होती. म्हणजे ५५ हजाराचा प्लेस्टेशन वर्षातले साडेनऊ महिने घरी आणि ओंकार पुण्यात. दुसरं म्हणजे सीनियर मुलं रात्री खेळतात काय, तर व्हॅलोरंट आणि काउंटर स्ट्राइक २. काउंटर स्ट्राइक २ कन्सोलवर नाहीच, आणि व्हॅलोरंट तेव्हा भारतात कन्सोलवर नव्हता. दोन्ही फुकट. नवीन ठिकाणी नवीन मुलांत मिसळायचं तर ते जे खेळतात ते खेळता आलं पाहिजे, ही गोष्ट मला त्या वयाच्या मुलासाठी ग्राफिक्सपेक्षा मोठी वाटते.

तिसरी गोष्ट जीटीए ६ ची. सोनीचे बरेच मोठे गेम तेव्हा पीसीवर यायचे पण उशिरा, घोस्ट ऑफ त्सुशिमा जुलै २०२० ला प्लेस्टेशनवर आला आणि पीसीवर मे २०२४ ला. रॉकस्टारचंही पीसीच्या बाबतीत तेच. त्याला म्हटलं, लॅपटॉप घेतलास तर जीटीए ६ आला त्या दिवशी तू खेळणार नाहीस हे आत्ताच मान्य कर, मान्य नसेल तर लॅपटॉप घेऊ नको, मग तुझ्या बाबांना मी समजावतो. त्याने एक रात्र मागितली आणि सकाळी हो म्हणाला.

मग कोणता लॅपटॉप

इथे लोक सगळ्यात जास्त फसतात म्हणून इथे थोडं थांबतो.

ओंकारचं म्हणणं होतं की मेकॅनिकलला ग्राफिक्स कार्ड लागतंच. पहिल्या वर्षाला लागत नाही. ऑटोकॅडची ड्रॉइंग चांगल्या साध्या लॅपटॉपवर आरामात होतात. सॉलिडवर्क्स या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये बरेच भाग जोडलेली मोठी मॉडेलं फिरवायला लागली की कार्डाचा फायदा दिसतो, सिम्युलेशनला रॅम आणि प्रोसेसर जास्त महत्त्वाचे. हे आईसमोर मुद्दाम बोललो, कारण कार्ड गेमसाठी घेतोय हे सगळ्यांना माहीत असलेलं बरं, नंतर त्यावरून घरात वाद होत नाहीत.

कार्डाचे तीन थर समोर होते. एनव्हिडिया कंपनीच्या आरटीएक्स ३०५० वाले साठ-पासष्ट हजारात, त्यातले बरेच ४ जीबी व्हीरॅमचे, म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचे. ४०५० वाले पंच्याहत्तर ते पंच्याऐंशी हजारात, ६ जीबी. ४०६० वाले लाखाच्या घरात, ८ जीबी. ४ जीबी मी सरळ नाही म्हटलं, नवे गेम त्यात गुदमरतात. मन ४०६० कडे जात होतं, कारण २०२३ मध्ये लास्ट ऑफ अस पीसीवर आला तेव्हा ८ जीबीचीही कशी दमछाक झाली ते सगळ्यांनी बघितलेलं. पण त्यासाठी हप्ते करावे लागले असते. बाबा म्हणाले हप्ते नाही, आणि तो विषय तिथे संपला. घरच्या माणसाने आखलेली रेघ सल्ला देणाऱ्याने पुसू नये.

४०५० ठरल्यावर खरी छाननी सुरू झाली. एकाच नावाचं कार्ड वेगवेगळ्या लॅपटॉपात वेगवेगळ्या वॅटवर चालतं. ४०५० ला एनव्हिडियाने ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत मोकळीक दिलीय, त्यामुळे बारीक दिसणाऱ्या लॅपटॉपातला ४०५० आणि जाडजूड लॅपटॉपातला ४०५० हे दोन वेगळे प्राणी असतात, किंमत मात्र कधीकधी सारखीच. दुकानदाराला वॅट विचारलं की बहुतेक ठिकाणी तो स्टिकर दाखवतो. स्टिकरवर ते नसतं, कंपनीच्या साइटवरच्या स्पेसिफिकेशनमध्ये बघावं लागतं आणि मशीन हातात आल्यावर एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमधल्या सिस्टम इन्फर्मेशनमध्ये कमाल ग्राफिक्स पॉवर लिहिलेली असते तिथे ताडून बघावं.

दुसरं स्क्रीन. १४४ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा बदलणारं चित्र, सगळेच लिहितात, पण स्वस्तातल्या पॅनलला रंग ४५ टक्के एनटीएससी (रंगांचं एक माप) एवढेच असतात, चित्र धुतल्यासारखं फिकट दिसतं. शंभर टक्के एसआरजीबी (हेही रंगांचंच माप) वाला पॅनल घ्यायला लावला. तिसरं, रॅमच्या दोन काड्या. एकच १६ जीबीची काडी टाकली की गेममध्ये फ्रेम, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, कमी पडतात. चौथं, एसएसडीचा दुसरा स्लॉट मोकळा आहे ना.

खरेदी

ऑगस्टच्या सेलमध्ये ऑनलाइन घेतला, बँकेच्या कार्डाचा डिस्काउंट धरून ७९ हजारांना. तेरावी पिढी आय फाइव्ह, १६ जीबी रॅम दोन काड्यांत, ५१२ जीबी एसएसडी, ४०५० पुरेशा वॅटचा. अकोल्यातलं दुकान तोच मॉडेल साडेपाच हजार जास्त सांगत होतं. मी दुकानातून घ्या म्हटलं होतं, मशीन चालू करून स्क्रीन बघून घेता येते म्हणून, पण साडेपाच हजार म्हणजे कंट्रोलरचे पैसे, त्यामुळे बाबांनी ऑनलाइन ठरवलं आणि त्यांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही.

बॉक्स उघडताना आधीपासून सलग व्हिडिओ केला. पांढऱ्या स्क्रीनवर डाव्या कोपऱ्यात एक काळा ठिपका निघाला, मेलेला पिक्सेल. बदलून मिळायची मुदत थोड्याच दिवसांची असते, ओंकार म्हणत होता राहू दे एवढासा आहे, आईंनी मात्र ऐकलं नाही. विक्रेत्याने आधी टाळाटाळ केली, व्हिडिओ दाखवल्यावर दुसरा पीस दिला, तो स्वच्छ होता.

पुढे काय झालं

होस्टेलला पोचल्या दिवशीच पहिली अडचण. अडॅप्टरच्या वायरची पिन जाडी, १६ अँपियरची, आणि खोलीत सगळे सॉकेट ६ अँपियरचे. काही गेमिंग लॅपटॉपला अशीच पिन येते. ओंकारने फोन केला की कन्व्हर्टर घेऊ का, तर मी नको म्हटलं, स्वस्त कन्व्हर्टर ढिले बसतात आणि तापतात. अडॅप्टरमध्ये जाणारं टोक कम्प्युटरच्या पॉवर केबलसारखंच असतं, त्यामुळे ६ अँपियर पिनची चांगल्या जाडीची आयएसआय केबल आणली, काम झालं. अडॅप्टर भरभक्कम दिसला तरी दोनशे-अडीचशे वॅटच्या आतच ओढतो, ६ अँपियरच्या सॉकेटला ते जड नाही. फक्त त्याच बोर्डावर किटली लावायची नाही.

खेळणं अपेक्षेप्रमाणे झालं. व्हॅलोरंटला स्क्रीन भरून वाहील एवढे फ्रेम, रात्री जेवणानंतर त्याच्या मजल्यावरची पोरं आपापले लॅपटॉप घेऊन एका खोलीत. होस्टेलच्या वायफायवर गेमचे सर्व्हर ब्लॉक, म्हणून मोबाईलच्या फाइव्ह जी हॉटस्पॉटवर. ५१२ जीबी पहिल्या सेमिस्टरमध्येच भरलं. जीटीए ५ एकटाच शंभर जीबीच्या वर जातो, रॅग्नारॉकच्या आधीच्या गॉड ऑफ वॉरला ७० लागतात. दुसरं १ टीबी एसएसडी दिवाळीत बसवून दिलं.

वर्गात नेण्याचा त्रास त्याला वाटला होता त्यापेक्षा जास्त निघाला. लॅपटॉप सव्वादोन किलोच्या वर, अडॅप्टर वेगळा, आणि बॅटरी साध्या कामाला चार-साडेचार तास. बॅटरीवर गेम खेळायला गेलं की कार्ड स्वतःला आवरतं, फ्रेम निम्म्यावर येतात. म्हणजे नावाला लॅपटॉप, खेळायला प्लगजवळच बसायचं.

मोठी परीक्षा झाली मे २०२५ मध्ये, सुट्टीत घरी आल्यावर. आमच्याकडे मे म्हणजे ४४-४५ डिग्री, खोलीच चाळीसच्या आसपास. पहिल्याच दुपारी गेम सुरू केल्यावर अर्ध्या तासात फ्रेम पडायला लागले, पंखे विमानासारखे, प्रोसेसर ९५ डिग्रीला. मशीन बिघडलं नव्हतं, जळू नये म्हणून स्वतःचा वेग कमी करत होतं. ओंकारने त्याला कूलरच्या तोंडाशी नेऊन ठेवलं आणि मी गेलो तेव्हा कीबोर्डवर दमट हात फिरवल्यासारखं लागत होतं. कूलरची हवा ओली असते, विदर्भातल्या प्रत्येक घरात हे सांगावं लागतं, दर उन्हाळ्यात माझ्याकडे आतल्या मदरबोर्डावर हिरवट गंज चढलेले लॅपटॉप येतात ते यामुळेच. आधी कूलरसमोरून उचलला. मागची बाजू दोन इंच उचलून ठेवली, पंख्यातली धूळ काढली, फ्रेम सेकंदाला ६० वर बांधले, विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के केली, त्याने टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा जास्तीचा वेग, बंद होतो. तापमान ऐंशीच्या आत आलं आणि खेळताना फरक जाणवला नाही. शिवाय चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायचं सेटिंग लावलं, सतत प्लगवर राहणाऱ्या मशीनची बॅटरी फुगू नये म्हणून. दुपारी एक ते पाच मोठा गेम नाही, हा नियम आईंनी लावला.

अभ्यासाचं सांगायचं तर पहिल्या सेमिस्टरला एक विषय राहिला, दुसऱ्याला निघाला. आई अजूनही त्याचा दोष लॅपटॉपला देतात, ओंकार गणिताच्या पेपरला. मला त्यात पडायचं नाही. दुसऱ्या वर्षात सॉलिडवर्क्स आलं तेव्हा मशीन कामाला आलं, गटातल्या चौघांचा प्रोजेक्ट याच्याच लॅपटॉपवर झाला.

एक गोष्ट मात्र हुकली. प्लेस्टेशनचं बोलणं चाललं होतं तेव्हा धाकट्या बहिणीने दुसरा कंट्रोलर आपला म्हणून सांगून ठेवलं होतं. कन्सोल घरात असतो, चार माणसं त्याच्याभोवती बसतात. लॅपटॉप एकाचा असतो आणि तो त्याच्याबरोबर पुण्याला जातो. ती दिवाळीत भावाशी टीव्हीला एचडीएमआय लावून फुटबॉल खेळते, बाकी वर्षभर तिच्या वाट्याला काही आलं नाही. आमच्या वहीत हा रकानाच नव्हता.

वेगळं काय करता आलं असतं

बहिणीचा मुद्दा पहिला. शब्द ओंकारला दिला होता तरी वस्तू घरात येणार होती, तेव्हा तिलाही बसवून विचारायला हवं होतं. कदाचित मग आईचा पर्याय, आत्ता साधा लॅपटॉप आणि वर्षाने घरात कन्सोल, जास्त जोरात पुढे आला असता. तो जास्त खर्चाचा होता पण दोन मुलांचा होता.

दुसरं व्हीरॅम. ६ जीबी २०२४ मध्येच काठावर होतं, आता नव्या गेममध्ये टेक्स्चर, म्हणजे पृष्ठभागांचा बारकावा, मीडियमवर आणावे लागतात. हप्ते न करता ४०६० मिळवायचा एक रस्ता होता, सहा-आठ महिने थांबणं, कारण पहिल्या सेमिस्टरला लॅपटॉप अडलेला नव्हता. आज जे घेतायत त्यांना मी ८ जीबीच्या खाली उतरू नका म्हणतो, २०२५ मध्ये आलेल्या लॅपटॉपच्या आरटीएक्स ५०५० कार्डालाही आता ८ जीबी आहे.

तिसरं, रॅम आणि वाढीव वॉरंटी. आणखी १६ जीबी रॅम तेव्हा तीन-चार हजारात झाली असती, "नंतर टाकू" म्हणून राहिली, आणि २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव असे चढलेत की आता तो विचारच सोडलाय. वॉरंटी मूळ एकच वर्षाची होती, ती मुदतीच्या आत वाढवायला मी दोनदा आठवण केली, परीक्षेच्या गडबडीत राहून गेली. गेमिंग लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला तर खर्च नव्या साध्या लॅपटॉपच्या जवळ जातो, त्यामुळे हा धोका आता त्यांच्या अंगावर आहे.

चौथं, होस्टेलची नियमावली मागवली तसा खोलीतल्या सॉकेटचा फोटोही मागवता आला असता. हल्ली मी प्रत्येकाला तो मागवायला लावतो.

सध्या ओंकार दुसऱ्या वर्षाला आहे आणि जीटीए ६ ची तारीख १९ नोव्हेंबर २०२६ झालीय, अजूनही पीसीचं नाव नाही. इंटर्नशिपचे पैसे मिळाले तर जुना प्लेस्टेशन ५ घेऊन घरी ठेवायचा असं त्याच्या मनात आहे, बहिणीशी अर्धे-अर्धे, तिने राखीचे पैसे बाजूला टाकायला सुरुवातही केलीय. मी त्याला एवढंच सांगितलंय की जुना घेणार असशील तर डिस्कवाला घे, घेण्याआधी माझ्याकडे आण, एचडीएमआयचं पोर्ट आणि पंखा उघडून बघू, आणि टीव्हीचे पैसे त्याच हिशोबात आधी धर.